हाँगकाँग १९८९–९७ : राज्य एकाचं, तारीख दुसऱ्याची

प्रश्न असा आला आहे: १९९७ पर्यंत हाँगकाँगवर ब्रिटनचं राज्य होतं. मग १९८९ च्या तियानमेन हत्याकांडानंतर तिथल्या लोकांनी चीनविरोधात मोर्चे काढले, तर चीनने ब्रिटनला जाब विचारायचं कारण काय? ब्रिटनने ‘आमच्या हद्दीतलं आम्ही बघू’ असं सांगून विषय का संपवला नाही? आणि पुढे जे बिघडलं ते गव्हर्नर पॅटनमुळे, हे कितपत खरं?

माझी नोकरी करारांचे आणि राजनैतिक पत्रांचे मसुदे तपासण्यात गेली. त्यामुळे उत्तर थोडं कागदांच्या अंगाने जाणार, त्याला इलाज नाही.

ब्रिटनला तसं ठणकावून सांगायला कायद्याची काहीच आडकाठी नव्हती. अडचण तारखेची होती. १९ डिसेंबर १९८४ ला बीजिंगमध्ये दोन्ही देशांचे पंतप्रधान थॅचर आणि चाओ झियांग यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि हाँगकाँग चीनच्या हवाली करायचा १ जुलै १९९७ हा दिवस पक्का झाला. बदलीची ऑर्डर निघालेल्या कलेक्टरला सगळे नमस्कार करतात, पण महत्त्वाची फाइल पुढच्या साहेबासाठी राखून ठेवतात. हाँगकाँगचा गव्हर्नर पुढची साडेबारा वर्षं याच अवस्थेत होता.

जाहीरनाम्याचं चौथं कलम मुद्दाम वाचावं असं आहे. ३० जून १९९७ पर्यंत कारभाराची जबाबदारी ब्रिटनची, उद्देश हाँगकाँगची आर्थिक भरभराट आणि सामाजिक स्थैर्य टिकवण्याचा, आणि यासाठी चीन ‘सहकार्य करील’. वरवर पाहता निरुपद्रवी वाक्य. पण ‘सहकार्य करील’ असं एकदा लिहिलं की सहकार्य रोखून धरण्याची सोयही त्यातच झाली. पुढे विमानतळ असो, सीमेवरून पकडलेले लोक असोत की निवडणुका, चीनने दर वेळी हाच खटका दाबला. दोन्ही सरकारांच्या संयुक्त संपर्क गटाला हाँगकाँगच्या कारभारात कसलाही अधिकार नाही, असं दुसऱ्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलेलं होतं. पण अधिकार नसलेल्या गटात जे अडकतं ते बाहेरही अडकतं, हे सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही सांगायला नको.

याआधीही हाँगकाँगच्या रस्त्यावरून लंडन आणि बीजिंग यांच्यात पेटलं होतं. १९६७ मध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या वाऱ्यात तिथल्या डाव्यांनी दंगे केले, बाँब ठेवले, ५१ माणसं गेली. वसाहत सरकारने आणीबाणीचे नियम लावले, धरपकड केली, डावी वर्तमानपत्रं बंद पाडली. बीजिंगने अठ्ठेचाळीस तासांची निर्वाणीची मुदत दिली, ती धुडकावली गेली, आणि २२ ऑगस्टला बीजिंगमधलं ब्रिटिश वकिलातीचं कार्यालय जाळलं गेलं. तरीही हाँगकाँग सरकारने माघार घेतली नाही, कारण तेव्हा हस्तांतराची तारीख कुणाच्याच कॅलेंडरवर नव्हती. १९६७ चं आंदोलन लंडनविरुद्ध होतं आणि बीजिंगला ते हवं होतं. १९८९ चं बीजिंगविरुद्ध होतं, आणि ते झालं तेव्हा हस्तांतराला आठ वर्षं उरली होती.

१९८९ चा मे महिना आठवा. बीजिंगच्या तियानमेन चौकात विद्यार्थी लोकशाही मागत ठाण मांडून होते. २० तारखेला बीजिंगमध्ये लष्करी कायदा लागू झाला. २१ मे ला हाँगकाँगमध्ये दहा लाख लोक रस्त्यावर आले आणि पुढच्या रविवारी, २८ मे ला, पंधरा लाख. हे आयोजकांचे आकडे. थोडे फुगवलेले धरले तरी त्या वेळी शहराची वस्ती सत्तावन्न लाखांच्या आसपास होती, हे लक्षात घ्या. चीनच्याच बाजूचं समजलं जाणारं ‘वेन वेई पो’ हे दैनिक अग्रलेखाच्या जागी निव्वळ चार अक्षरं छापून मोकळं झालं. अर्थ साधारण ‘काळीज तुटतं आणि संतापाने डोकं फिरतं’ असा. २७ मे ला हॅपी व्हॅलीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर गाण्यांचा मोठा कार्यक्रम झाला आणि विद्यार्थ्यांसाठी एक कोटीहून जास्त हाँगकाँग डॉलर जमले. ते पैसे आणि तंबू तियानमेन चौकात पोहोचले. ली च्यूक-यान हे कामगार नेते देणगीची रक्कम घेऊन बीजिंगला गेले होते. ४ जूनला लष्कराने आंदोलन रक्तात बुडवल्यानंतर परतीच्या विमानातून त्यांना उतरवून घेतलं आणि लेखी कबुलीनंतर सोडलं.

बीजिंगच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आपल्याला पटो न पटो, त्यांना काय दिसलं हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. त्यांना दिसलं ते असं: आठ वर्षांनी आपल्या ताब्यात येणाऱ्या शहरातून आपल्याच राजधानीतल्या बंडाला पैसा गेला. वर ४ जूननंतर जे विद्यार्थी नेते पोलिसांना हवे होते, ते एकेक करून हाँगकाँगमार्गे पाश्चात्त्य देशांत पोहोचू लागले. ‘यलोबर्ड’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या मोहिमेतून ४०० च्या आसपास माणसं बाहेर पडली असं सांगतात. त्यात स्थानिक धनिक होते, तस्कर होते, आणि हाँगकाँगमधल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते.

या सगळ्याचं जाहीर तोंड म्हणजे २१ मे ला स्थापन झालेली संघटना. तिचं लांबलचक नाव थोडक्यात ‘चीनमधल्या देशभक्त लोकशाही चळवळीला पाठिंबा देणारी हाँगकाँग आघाडी’. ‘देशभक्त’ हा शब्द नावातच होता आणि तो मनापासून होता. प्रमुख होते शिक्षक संघटनेचे नेते सेतो वाह, सोबत बॅरिस्टर मार्टिन ली. आघाडीच्या पाच मागण्या होत्या: अटकेतल्यांना सोडा, १९८९ च्या चळवळीवरचा कलंक पुसा, हत्याकांडाला जबाबदार असणाऱ्यांना जाब विचारा, एकपक्षीय हुकूमशाही संपवा, लोकशाही चीन उभारा. पहिल्या तीन मागण्या एखादं सरकार नाराजीने का होईना ऐकून घेऊ शकतं. चौथी ऐकून घेणं कम्युनिस्ट पक्षाला शक्यच नव्हतं. तिथून पुढे तीस वर्षं सगळं भांडण त्या चौथ्या ओळीभोवती फिरलं आहे.

गुंता असा की सेतो वाह आणि मार्टिन ली हे दोघंही बीजिंगनेच नेमलेल्या मूलभूत कायद्याच्या मसुदा समितीचे सदस्य होते. या ५९ जणांच्या समितीत हाँगकाँगचे २३. म्हणजे ज्यांच्या हातून १९९७ नंतरची राज्यघटना लिहून घ्यायची, तेच लोक ‘एकपक्षीय हुकूमशाही संपवा’ म्हणत मोर्च्याच्या पुढे. जुलैत कम्युनिस्ट पक्षाचे नवे सरचिटणीस जियांग झेमिन यांनी हाँगकाँगच्या पाहुण्यांना ‘विहिरीचं पाणी नदीच्या पाण्यात जात नाही’ ही चिनी म्हण ऐकवली: तुम्ही आमच्यात ढवळाढवळ करू नका, आम्ही तुमच्यात करणार नाही. त्याच महिन्यात पक्षाचं मुखपत्र असलेल्या पीपल्स डेलीने हाँगकाँगला बंडाचा तळ बनवू पाहणाऱ्यांना इशारा दिला. पुढे त्या दोघांना समितीच्या कामातून बाहेर ठेवण्यात आलं.

आता ज्या प्रसंगापाशी मला थोडं थांबायचं आहे तो. १९८९ च्या शरद ऋतूत चीनच्या राष्ट्रीय संघातला यांग यांग नावाचा जलतरणपटू हाँगकाँगमध्ये राहिला, आणि हाँगकाँग सरकारने त्याला परत न पाठवता अमेरिकेला जाऊ दिलं. बीजिंगने लेखी निषेध नोंदवला, पण तेवढ्यावर भागवलं नाही. हाँगकाँगमध्ये बेकायदा घुसलेल्यांना पकडून सीमेवर चीनच्या ताब्यात द्यायचं, हा १९८० पासूनचा रोजचा परिपाठ. ऑक्टोबरच्या सुरुवातीला चीनने त्यांना परत घेणं बंद केलं. लष्कर नाही, धमकी नाही, नुसतं फाटक बंद. घुसखोरांना ठेवायच्या जागा भरत चालल्या. जे शहर पिण्याच्या पाण्यासाठीसुद्धा शेजारच्या ग्वांगडोंग या चिनी प्रांतावर अवलंबून होतं, त्याला इशारा कळायला वेळ लागला नाही.

मग गव्हर्नरचे राजकीय सल्लागार विल्यम एरमन यांचं पत्र शिन्हुआ वृत्तसंस्थेच्या हाँगकाँग शाखेकडे गेलं. (शिन्हुआ नावाला वृत्तसंस्था, प्रत्यक्षात ती चीनची तिथली वकिलात होती. परक्या राज्यात वकिलात उघडली असती तर ते राज्य मान्य केल्यासारखं झालं असतं.) पत्राचा सारांश असा: चीनविरुद्धच्या उलथापालथीचा तळ म्हणून हाँगकाँगचा वापर होऊ देण्याचा सरकारचा इरादा नाही. शिन्हुआच्या राष्ट्रीय दिनाच्या समारंभाबाहेर निदर्शनं करणाऱ्या ‘५ एप्रिल कृती गटा’च्या लोकांना अटक झाली, हे आपण पाहिलंच असेल. तियानमेन चौकात विद्यार्थ्यांनी उभारलेल्या लोकशाहीच्या देवतेच्या पुतळ्याच्या प्रतिकृतीसाठी कायमची जागा देण्याचा प्रस्तावही नाकारला आहे.

पत्र छापून आलं आणि विधिमंडळात आणि बाहेर एकच गदारोळ झाला. फाटक मात्र उघडलं.

मसुदे तपासणाऱ्याच्या नजरेने मला या पत्रात तीन गोष्टी खटकतात. ‘तळ’ आणि ‘उलथापालथ’ हे शब्द बीजिंगचे होते. ते व्याख्या न करता जसेच्या तसे उचलले, म्हणजे काय केल्याने शहर ‘तळ’ ठरतं हे ठरवायचा हक्क समोरच्याला देऊन टाकला. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. कोर्टात उभी राहणार असलेली अटक राजनैतिक पत्रात सद्भावनेचा पुरावा म्हणून दाखवली. उद्या ते आरोपी निर्दोष सुटले असते तर ते न्यायालयाने केलेलं वचनभंग ठरलं असतं का? पोलिसांनी अटक स्वतःच्या निर्णयाने केली असेलही. पत्रानंतर त्यावर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. तिसरी, पुतळ्याला जागा नाकारणं हा शहराच्या मोकळ्या जागांचा विषय. तो परराष्ट्र व्यवहारात नेऊन बसवला.

यापेक्षा दोन ओळींचं पत्र पुरलं असतं: हाँगकाँगमध्ये सर्वांना हाँगकाँगचा कायदा लागू आहे, तो मोडला गेल्यास पोलीस आणि न्यायालयं आपलं काम करतील. चीन चिडला असता, फाटक आणखी काही दिवस बंद राहिलं असतं. पण तारीख ठरलेल्या प्रदेशात आज दिलेलं आश्वासन उद्याच्या मालकाच्या दप्तरात जमा होतं, आणि ‘तुमच्या इंग्रजांनीच हे मान्य केलं होतं’ हे वाक्य नंतर फार उपयोगी पडतं. मी एरमन यांना दोष देत नाही. पत्राचा सूर वरून ठरला असणार. राजकीय सल्लागार हा परराष्ट्र खात्यातून गव्हर्नरकडे पाठवलेला अधिकारी असतो, स्वतंत्र संस्थानिक नव्हे.

उद्याचा मालक त्याच वेळी आपला कायदाही लिहीत होता. मूलभूत कायद्यातल्या आजच्या कलम २३ चे मसुदे क्रमाने लावून पाहा, राजनैतिक तणावाचा आलेखच मिळतो. एप्रिल १९८८ च्या मसुद्यात राष्ट्रीय ऐक्याला तडा देणारी आणि केंद्र सरकार उलथवणारी कृत्यं कायद्याने रोखावीत असं होतं. हाँगकाँगच्या वकिलांनी आरडाओरडा केला, कारण इंग्रजी सामान्य कायद्याला ‘सरकार उलथवणं’ असा गुन्हा माहीत नाही. फेब्रुवारी १९८९ च्या मसुद्यातून तो शब्द गेला. राष्ट्रद्रोह, फुटीरता, राजद्रोह आणि राष्ट्रीय गुपितांची चोरी एवढंच उरलं, आणि हे कायदे हाँगकाँगने ‘स्वतःहून’ करायचे असं आलं. मग जून झाला. ४ एप्रिल १९९० ला जाहीर झालेल्या अंतिम मजकुरात ‘उलथवणं’ परत आलं, आणि जोडीला दोन नव्या बंदी आल्या: परकीय राजकीय संघटनांनी हाँगकाँगमध्ये राजकीय काम करायचं नाही, आणि स्थानिक राजकीय संघटनांनी परकीय राजकीय संघटनांशी संबंध ठेवायचे नाहीत. हॅपी व्हॅलीचा कार्यक्रम आणि यलोबर्ड या दोन्ही गोष्टी त्या दोन ओळींत गोठलेल्या आहेत.

याच काळात ब्रिटनने ५०,००० निवडक कुटुंबप्रमुखांना, कुटुंबासह सव्वादोन लाखांच्या आसपास लोकांना, पूर्ण नागरिकत्व देण्याचा कायदा केला. चीनने ते पासपोर्ट मानणार नाही असं सांगितलं. जाता जाता एक आपल्याकडचा धागा: पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले सिंधी, गुजराती, पंजाबी व्यापारी जन्माने ब्रिटिश प्रजाजन होते, चिनी वंशाचे नसल्याने चीनचं नागरिकत्व मिळणार नव्हतं आणि लंडन दार उघडत नव्हतं. त्यांच्यासाठीचा कायदा १९९७ मध्ये, अगदी शेवटच्या घटकेला झाला. हाँगकाँगच्या चेक लाप कोक इथल्या नव्या विमानतळाचीही अशीच ओढाताण झाली. १९८९ मध्ये घोषणा, चीनचा आक्षेप, आणि शेवटी सप्टेंबर १९९१ मध्ये पंतप्रधान मेजर यांना स्वतः बीजिंगला जाऊन करारनाम्यावर सही करावी लागली. तियानमेननंतर पाश्चात्त्य नेते बीजिंग टाळत असतानाच्या काळातला तो दौरा. चीनला पैशांची हमी हवी होतीच, पण ब्रिटिश पंतप्रधानाचा फोटोही हवा होता.

आता पॅटन. ९ जुलै १९९२ ला ते आले. आधीचे गव्हर्नर चीन जाणणारे मुत्सद्दी, हे निवडणूक हरलेले राजकारणी. ऑक्टोबरमध्ये त्यांनी मांडलेल्या सुधारणांनी विधिमंडळातल्या व्यावसायिक मतदारसंघांचा (म्हणजे एकेका व्यवसायातल्या लोकांनी प्रतिनिधी निवडायच्या जागांचा) पाया इतका रुंदावला की नऊ नव्या जागांसाठी जवळपास प्रत्येक नोकरदाराला मत मिळालं. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. चीनचा आरोप तीन करार मोडल्याचा होता: संयुक्त जाहीरनामा, मूलभूत कायदा, आणि १९९० च्या सुरुवातीला परराष्ट्रमंत्री हर्ड आणि छियान छीछेन यांच्यात झालेला पत्रव्यवहार. त्या पत्रांत थेट निवडून द्यायच्या जागांबद्दलची समजूत झाली होती: १९९१ मध्ये १८, १९९७ ला २०. वाद पेटल्यावर ब्रिटनने ती पत्रं प्रसिद्ध केली, तेव्हा लोकांना कळलं की आपल्या विधिमंडळाचा हिशोब दोन परराष्ट्र खात्यांनी आधीच करून ठेवला होता. परत पत्रंच.

चीन सरकारच्या बीजिंगमधल्या हाँगकाँग-मकाव व्यवहार कार्यालयाचे प्रमुख लू पिंग यांनी पॅटनना हजार वर्षं पुसलं न जाणारं पाप करणारा माणूस म्हटलं. १९९३ मध्ये वाटाघाटीच्या १७ फेऱ्या झाल्या, निष्फळ. १९९४ च्या जूनअखेर विधेयक मंजूर झालं. १९९५ मध्ये त्या नियमांनी निवडणूक झाली, मार्टिन ली आणि सेतो वाह यांचा डेमोक्रॅटिक पक्ष सर्वांत मोठा ठरला, आणि चीनने ते विधिमंडळ १९९७ ला बरखास्त करायचं ठरवून शेन्झेनमध्ये स्वतःचं हंगामी विधिमंडळ बसवलं.

तर पॅटनमुळे बिघडलं का? माझं मत: संवादाचा सूर त्यांनी बिघडवला, मूळ दुखणं त्यांच्या आधीचं. कलम २३ मधला ‘उलथवणं’ हा शब्द ते यायच्या दोन वर्षं आधी परत आला होता. पॅटन यांच्यावर टीकाच करायची तर ती वेगळी करता येईल. संस्था नोंदणीचा आणि सार्वजनिक सुव्यवस्थेचा कायदा सैल करायला ब्रिटनला १९९२ आणि १९९५ उजाडलं. वर्षानुवर्षं स्वतः वापरलेली हत्यारं जाता जाता बोथट करून ठेवली, म्हणून चीनने फेब्रुवारी १९९७ मध्ये त्या दुरुस्त्या मानणार नसल्याचं जाहीर केलं आणि १ जुलैपासून परवानगीची अट परत आणली. तेव्हा बीजिंगला ‘आम्ही तुमचाच जुना कायदा लावतोय’ म्हणता आलं, आणि त्याला धड उत्तर नव्हतं.

आघाडीबद्दलची भूमिका बीजिंगने शेवटपर्यंत बदलली नाही. ऑक्टोबर १९९६ मध्ये छियान छीछेन यांनी एका अमेरिकी वर्तमानपत्राला सांगितलं की, मुख्यभूमीच्या कारभारात थेट ढवळाढवळ करणारे राजकीय कार्यक्रम हाँगकाँगमध्ये होऊ नयेत. प्रश्न ४ जूनच्या स्मरणसभेबद्दलचा होता. तरीही व्हिक्टोरिया पार्कमधली मेणबत्त्यांची सभा १९९७ नंतर वीस-बावीस वर्षं होत राहिली. कलम २३ चा कायदा आणायचा पहिला प्रयत्न १ जुलै २००३ ला पाच लाखांच्या मोर्च्याने हाणून पाडला. २०२० मध्ये बीजिंगने राष्ट्रीय सुरक्षा कायदा थेट वरून लावला, सप्टेंबर २०२१ मध्ये आघाडीवर आणि तिच्या नेत्यांवर सत्ता उलथवण्यास चिथावणी दिल्याचा आरोप ठेवला गेला, त्याच महिन्यात संघटना विसर्जित झाली. आरोपाच्या केंद्रस्थानी मागणी क्रमांक चार. कलम २३ चा स्थानिक कायदा मार्च २०२४ मध्ये झाला.

काहींनी या संदर्भात गोव्याचं उदाहरण दिलं आहे. ते लागू पडत नाही. पोर्तुगालने हस्तांतराची चर्चाच नाकारली, त्यामुळे १९६१ पर्यंत तिथे ‘तारीख ठरलेला काळ’ कधी आलाच नाही. गोव्यातल्या सत्याग्रह्याला एकाच सरकारला तोंड द्यायचं होतं. हाँगकाँगच्या निदर्शकाला आजच्या आणि उद्याच्या अशा दोघांना.

ब्रिटन आज करारभंगाची तक्रार कुठे करू शकतं, असंही विचारलं आहे. ब्रिटनच्या मते जाहीरनामा हा संयुक्त राष्ट्रांकडे नोंदवलेला, २०४७ पर्यंत बंधनकारक करार आहे. चीनच्या परराष्ट्र प्रवक्त्याने २०१७ मध्ये त्याला प्रत्यक्षात काही अर्थ न उरलेला ऐतिहासिक कागद म्हटलं. निवाडा करायला कुणी नाही: जाहीरनाम्यात लवादाचं किंवा आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं कलम घातलेलंच नाही, आणि चीन त्या न्यायालयाचा सक्तीचा अधिकार मानत नाही. १९८४ मध्ये ते कलम मागितलं असतं तर सहीच झाली नसती, असा माझा अंदाज आहे.